हमजा : बसऱ्यापासून तिरुवल्लिक्केणीपर्यंत

चेन्नईच्या तिरुवल्लिक्केणी भागाचे इंग्रजांनी ट्रिप्लिकेन केले. तिथे वालाजाह मशीद आहे. कर्नाटकचा नवाब मुहम्मद अली खान वालाजाह याच्या घराण्याने ती १७९५ मध्ये उभारली. बांधणीचे वर्ष सांगणारी फारसी रचना तिथे दगडात कोरलेली आहे आणि ती रचणारा होता नवाबाचा हिंदू मुनशी राजा मक्खनलाल. अरबी-फारसी लिपीत प्रत्येक अक्षराला आकडा असतो. त्या पद्धतीला अबजद म्हणतात. मक्खनलालने वर्षासाठी तीन शब्द योजले : जिक्र, अल्लाह, अकबर. ईश्वराचे स्मरण सर्वांत मोठे, असा त्यांचा मिळून अर्थ. आता बेरीज करा. जाल ७००, काफ २०, रे २००. मग अलिफ १, लाम ३०, पुन्हा लाम ३०, हे ५. मग अलिफ १, काफ २०, बे २, रे २००. एकूण १२०९. हेच हिजरी वर्ष, म्हणजे इसवी सनाचे १७९४-९५.

या अकरा अक्षरांत अलिफ दोनदा येतो. पहिला ‘अल्लाह’चा. जोडून म्हणताना तो नाहीसा होतो, कानावर पडते ते ‘जिक्रुल्लाहि’. दुसरा ‘अकबर’चा. तो उच्चारण्याआधी घसा क्षणभर मिटतो आणि झटक्याने उघडतो. बेरजेत दोन्ही अलिफांची किंमत एकच. उच्चारात मात्र एक अगदी मुका आहे आणि दुसरा पूर्ण व्यंजन आहे. कागदावर हा फरक दाखवण्यासाठी अरबी लिपीत जी खूण आली तिचे नाव हमजा. अबजदमध्ये तिला स्वतःचा आकडा नाही. ती ज्या अक्षरावर बसते त्याचाच आकडा धरतात.

हा ध्वनी आपल्याला परका नाही. रांगते मूल विस्तवाकडे हात नेते तेव्हा आई ‘अं-अं’ म्हणून दटावते. त्या दोन ‘अं’च्या मधे श्वास जिथे तुटतो, तोच हमजा. घशातल्या स्वरतंतूंनी वाट बंद करायची आणि सोडायची, एवढेच त्याचे उच्चारण. मराठीत तो शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण त्याला वर्णमालेत जागा दिली नाही. अरबीत तो अर्थ बदलतो. ‘सअल’ म्हणजे त्याने विचारले आणि ‘साल’ म्हणजे ते वाहिले. मधला झटका गेला की विचारणारा माणूस वाहते पाणी होतो.

खुणेचा आकार सांगायचा तर आपल्या देवनागरी सहाच्या आकड्याकडे पाहावे. अरबीतले ‘ऐन’ हे अक्षर सुटे लिहिले की साधारण ६ सारखे दिसते. त्याचे वरचे अर्धे डोके घ्या, खाली एक छोटी तिरपी रेघ द्या आणि खालचे सगळे पोट काढून टाका. उरतो तो हमजा. ऐनाचे डोके हमजाच्या नावावर कसे आले, हीच खरी या खुणेची कुळकथा आहे.

मुळात या ध्वनीला स्वतःचे अक्षर होते. सेमिटिक वर्णमालेतले पहिलेच. बैलाच्या डोक्याच्या चित्रावरून आलेले, फिनिशियन लोकांचे ‘आलेफ’. ग्रीकांनी वर्णमाला उसनी घेतली तेव्हा त्यांच्या भाषेत घशातल्या झटक्याला काम नव्हते. त्यांनी ते अक्षर ‘अ’ या स्वराला देऊन टाकले, आणि तेव्हापासून युरोपातल्या लिप्या त्या अक्षराने स्वर लिहीत आल्या. पूर्वेकडे ते अक्षर आरामाईतून नबाती लिपीत आणि तिथून अरबीत आले. तिथे त्याचे हक्काचे काम त्याला मिळायला हवे होते. मिळाले नाही, आणि याला कारण मक्का-मदिनेकडची बोलण्याची लकब.

हिजाझच्या लोकांनी, म्हणजे कुरैश टोळी आणि तिच्या शेजाऱ्यांनी, शब्दाच्या मधला आणि शेवटचा हमजा बोलण्यातून जवळजवळ सोडून दिला होता. पूर्वेकडच्या वाळवंटातल्या तमीम वगैरे टोळ्या तो ठासून उच्चारत. तमीममधले काही तर इतका ठासून की ऐकणाऱ्याला तो ‘ऐन’ वाटे. कुराण लिहिले गेले ते हिजाझच्या लेखनपद्धतीने. त्यामुळे जिथे पूर्वेचा माणूस घसा मिटून ‘मुअ्‌मिन’ म्हणे, तिथे लिहिलेले असे ‘मूमिन’. जिथे तो ‘सुआल’ म्हणे तिथे अक्षर असे ‘वाव’चे. पुढे पठणाची आणि काव्याची प्रमाण अरबी म्हणून पूर्वेचा उच्चार मान्य झाला, पण पवित्र ग्रंथाची अक्षरे बदलायला कोणाचा हात धजेना. म्हणून एक विलक्षण स्थिती तयार झाली. अक्षरे एका प्रांताची, उच्चार दुसऱ्या प्रांताचा. मधली फट भरायला अक्षरांवर काहीतरी वरून ठेवणे एवढाच मार्ग उरला.

पहिली सोय ठिपक्यांची. बसऱ्याचा अबुल अस्वद अद-दुअली (मृत्यू ६८८ च्या सुमारास) याने स्वरांसाठी रंगीत ठिपके सुरू केले, असे परंपरा सांगते. त्याच्या पुढच्या पिढीत इराकचा सुभेदार हज्जाज बिन यूसुफ याच्या आज्ञेवरून बे, ते, से यांसारखी एकसारखी दिसणारी अक्षरे ओळखायला त्यांना काळे नुक्ते दिले गेले. हज्जाजचे नाव लक्षात ठेवावे, तो पुढे कोकणच्या गोष्टीतही येणार आहे. मदिनेत स्वरांचे ठिपके तांबडे आणि हमजाचे पिवळे अशी वाटणी झाली. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या चर्मपत्रांच्या पानांवर ते पिवळे ठिपके आजही दिसतात. अक्षर हिजाझचे काळे, त्यावर पूर्वेच्या घशातला पिवळा झटका. या लिपीच्या इतिहासातली मला सर्वांत सुंदर वाटणारी ही अवस्था आहे, कारण तिच्यात दोन्ही बाजूंचा मान राखला गेला.

पण रंगीत शाई दर वेळी कुठून आणणार? पत्र, हिशेब, कविता लिहिणाऱ्याला एकच दौत परवडते. हा प्रश्न सोडवला खलील बिन अहमद अल-फराहीदी याने. जन्म ओमानच्या बाजूचा, आयुष्य बसऱ्यात, मृत्यू इ. स. ७८६ च्या आसपास. अरबी छंदशास्त्र त्याने उभे केले, आणि अरबीचा पहिला मोठा शब्दकोशही त्याच्याच नावावर आहे. त्या कोशाची मांडणी त्याने आपल्या देवनागरी वर्णमालेसारखी उच्चारस्थानावरून केली, घशाच्या तळापासून ओठांपर्यंत. न्यायाने पहिला मान हमजाचा, कारण तो सर्वांत खोलातून निघतो. पण हमजा स्थिर नाही. तो गळतो, वितळतो, शेजारच्या स्वरात मिसळतो. म्हणून खलीलने सुरुवात ऐनापासून केली आणि ग्रंथाचे नावच ‘किताबुल ऐन’ पडले.

स्वरांसाठी त्याने ठिपक्यांऐवजी अक्षरांचीच छोटी रूपे घेतली. ‘उ’साठी इवलासा वाव, ‘अ’ आणि ‘इ’साठी छोट्या तिरप्या रेघा. त्याच रीतीने हमजासाठी त्याने घशातल्या शेजाऱ्याचे, म्हणजे ऐनाचे, डोके घेतले. व्याकरणकारांकडे हमजाची जागा शोधायची एक कसोटीही होती : शब्दात संशय असेल तिथे ऐन घालून म्हणून पाहा, तो जिथे बसेल तिथेच हमजा आहे. कसोटीतला ऐन आणि खुणेतला ऐन एकच.

कुराणाच्या प्रतींत मात्र ही खूण लगेच शिरली नाही. जुन्या लेखकांना खलीलच्या खुणा कवितेच्या वहीतल्या वाटत. अंदलुसियातला अबू अम्र अद-दानी (मृत्यू १०५३), ज्याच्या ग्रंथांवर कुराणाच्या लेखनाचे सगळे शास्त्र उभे आहे, तोही रंगीत ठिपक्यांचाच पक्षपाती होता. अखेर सोय जिंकली. ठिपके गेले, ऐनाचे डोके राहिले.

आता खुर्चीचा प्रश्न. अरबी व्याकरणात हमजाच्या बैठकीला ‘कुर्सी’च म्हणतात, आपली खुर्ची. हमजाला उभे राहायला आधार लागतो आणि तो अलिफ, वाव किंवा ये यांपैकी कोणाचा, हे शेजारच्या स्वरांवरून ठरते. हमजाचा स्वतःचा स्वर आणि आधीच्या अक्षराचा स्वर यांत जो बलवान त्याची खुर्ची. ‘इ’ सर्वांत बलवान, त्याला ये. मग ‘उ’, त्याला वाव. मग ‘अ’, त्याला अलिफ. काहीच जमले नाही तर हमजा जमिनीवर, ओळीवर एकटा बसतो. शाळकरी अरब मुलांना हा धडा अजूनही घाम फोडतो.

मराठी वाचकाला हा धडा पाठ असतो, फक्त माहीत नसतो. ‘नाइब’मध्ये हमजाला ‘इ’ आहे म्हणून येची खुर्ची. झटका गळून खुर्ची उरली आणि आपला ‘नायब’ तहसीलदार झाला. ‘फायदा’ तसाच, ‘तायफा’ तसाच, ‘दायरा’ही. ‘सुआल’मध्ये आधी ‘उ’ म्हणून वाव. तो वाव आपल्या ‘सवाल’मध्ये ठणठणीत उभा आहे. ‘तअ्‌कीद’मध्ये आधी ‘अ’ आणि हमजा स्वरहीन, म्हणून अलिफ, आणि आपली ‘ताकीद’. शब्दाच्या शेवटचा हमजा तर आपण पार पुसून टाकला : हवा, दवा, वफा, अदा, सगळ्यांच्या शेवटी मुळात तो झटका होता. ‘उमरा’, म्हणजे अमिराचे अनेकवचन, मराठीत येताना शेवटी ‘व’ घेऊन ‘उमराव’ झाले. ज्या रीतीने कुरैशांनी हमजा वितळवला, बरोबर त्याच रीतीने फारसीच्या वाटेने मराठीनेही तो वितळवला. बखरीतली ताकीद आणि सवाल हिजाझी वळणाचे आहेत.

म्हणजे हा ध्वनी जिथे कोणाच्याही घरी बोलला जात नव्हता, अशा मुलखात ही खूण आली. मग तिची निगा कोणी राखली?

इथे गोष्ट कोकण किनाऱ्यावर येते. नवायत हा समाज आपले मूळ अरबस्तानात सांगतो. त्यांची परंपरा म्हणते की हज्जाज बिन यूसुफच्या जुलमाला कंटाळून पूर्वज जहाजाने निघाले आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लागले. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१), ज्यांचा उरूस मुंबई आजही साजरा करते, ते नवायतच, आणि त्यांनी कुराणावर अरबीत भाष्य लिहिले. भटकळच्या नवायतांची बोली आजही कोकणीच्या घरची आहे. अरबीत या समाजाचे नाव ‘नाइत’ असे लिहितात, म्हणजे ‘नायब’सारखाच येच्या खुर्चीवर हमजा. नावातच तो घेऊन फिरणारी ही मंडळी आहेत.

यांतली काही घराणी दख्खनच्या सुलतानांच्या आणि पुढे मोगलांच्या चाकरीत दक्षिणेला सरकली. अर्काटचा, म्हणजेच कर्नाटकचा, नवाब सआदतुल्ला खान नवायत होता. त्याचा वारस दोस्त अली १७४० मध्ये दमलचेरीच्या घाटात नागपूरकर रघूजी भोसल्यांशी लढताना मारला गेला. त्याचा जावई चंदासाहेब पुढच्या वर्षी तिरुचिरापल्लीला मराठ्यांच्या हाती लागला आणि काही वर्षे साताऱ्यात कैदेत होता. मराठी इतिहासात नवायतांची ओळख इतकीच राहिली आहे, लढाईत पडलेले आणि खंडणी भरणारे लोक म्हणून. अर्काटची गादी नंतर दुसऱ्या घराण्याकडे गेली. त्या घराण्यातल्या मुहम्मद अली वालाजाहने मद्रासमध्ये चेपॉकला महाल बांधला आणि अर्काटचे विद्वान त्याच्यामागे मद्रासेला आले. लखनौच्या फरंगी महलचे थोर पंडित अब्दुल अली ‘बहरुल उलूम’ हेही आले. १८१० मध्ये ते वारले आणि वालाजाह मशिदीतच त्यांची कबर आहे.

या विद्वानांत एक होते मुहम्मद गौस, किताब शरफुल मुल्क, कुलनाम अन-नाइती, गाव अर्काट. जन्म ११६६ हिजरीचा, मृत्यू १२३८ चा, म्हणजे १८२२-२३. १८०१ मध्ये कंपनीने कर्नाटकचे राज्य गिळले आणि नवाबांकडे नुसता मानमरातब उरला, तो सगळा काळ त्यांनी पाहिला. या पडत्या काळात त्यांनी अरबीत एक ग्रंथ लिहिला : ‘नस्रुल मर्जान फी रस्मि नज्मिल कुरआन’. मर्जान म्हणजे पोवळी. कुराणातल्या शब्दांच्या लेखनाची उधळलेली पोवळी, असा नावाचा भाव. विषय एकच, कुराणातला कोणता शब्द कोणत्या अक्षरांनी लिहायचा.

वाचायला हे रुक्ष वाटेल. पण काम काय आहे ते बघा. पहिल्या सुरेपासून, म्हणजे अध्यायापासून, शेवटच्या सुरेपर्यंत शब्दामागून शब्द घ्यायचा, त्यातला अलिफ लिहायचा की गाळायचा, हमजा कोणत्या खुर्चीवर, वेगवेगळ्या पठणपरंपरांत तो उच्चारला जातो की वितळतो, आणि दानीसारखे जुने जाणकार काय म्हणतात, हे नोंदवायचे. नियमाने सगळे सुटत नाही, कारण पवित्र ग्रंथाची अक्षरे नियमाच्या आधीची आहेत. ‘उलमा’ हा शब्द घ्या, आपण ज्याला उलेमा म्हणतो. नियमाप्रमाणे शेवटचा हमजा अलिफानंतर ओळीवर एकटा बसावा. कुराणात मात्र तो दोन ठिकाणी वावावर बसवून पुढे एक मुका अलिफ जोडून लिहिला जातो. ‘मलअ’, म्हणजे सरदारमंडळी, हा शब्द बहुतेक ठिकाणी अलिफाने संपतो आणि चार ठिकाणी वावाने. एकच शब्द, एकच अर्थ, एकच उच्चार, तरी लेखन वेगळे. ही भिन्नता जशीच्या तशी सांभाळायची असते, कारण ती पहिल्या लेखकांच्या हातची मानली जाते. एखाद्या मद्रासी नकलनवीसाने चांगल्या हेतूने ती ‘सुधारली’ की बाराशे वर्षांचा पुरावा गेला. मुहम्मद गौस यांचा ग्रंथ या सुधारण्यापासून वाचवणारा आहे.

पठणातला फरकही लहान नाही. भारतात कुफ्याच्या आसिमची परंपरा त्याचा शिष्य हफ्स याच्याकडून आलेली चालते. तीत हमजा नीट उच्चारायचा असतो. उत्तर आणि पश्चिम आफ्रिकेत मदिनेच्या नाफेची परंपरा वर्शकडून आलेली आहे आणि तीत ‘मुअ्‌मिनून’चे ‘मूमिनून’ होते, जुन्या हिजाझसारखे. पण हफ्सही सगळीकडे कडक नाही. ११२ व्या सुरेतला ‘कुफुवन’ तो वावाने म्हणतो, जिथे इतर बहुतेक जण ‘कुफुअन’ म्हणतात. मद्रासच्या मदरशातला मुलगा त्या एका जागी नकळत हमजा सोडतो आणि बाकी शेकडो जागी घसा मिटून म्हणतो. तमिळ किंवा दखनी बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी तो झटका आईकडून आलेला नाही. उस्तादाने पुन्हा पुन्हा थांबवून तो बसवलेला आहे. मला यात या खुणेचे खरे सामर्थ्य दिसते. ज्यांच्या गावात ती जन्मली त्यांच्या रोजच्या बोलीतून हमजा पुष्कळसा गेला आहे. ज्यांच्या भाषेत तो कधीच नव्हता त्यांनी तो शिकून जपला आहे.

‘नस्रुल मर्जान’ मद्रासेत लिहिला गेला, पण छापला गेला हैदराबादेत, लेखकाच्या मृत्यूनंतर नव्वदहून अधिक वर्षांनी, सात खंडांत. घराण्याची विद्या तोपर्यंत टिकून होती. मुहम्मद गौस यांचे पुत्र काजी सिबगतुल्लाह ‘बद्रुद्दौला’ यांनी अरबीबरोबर दखनीतही लिहिले, कारण सामान्य लोकांना तीच कळे. त्यांचे नातू मुहम्मद हमीदुल्लाह (१९०८–२००२) पॅरिसला स्थायिक झाले आणि कुराणाचे फ्रेंच भाषांतर त्यांनी केले.

छापखाना आल्यावर हमजाचे नशीब पुन्हा दोन वाटांनी गेले. १९२४ मध्ये कैरोत राजा फुआदच्या आश्रयाने छापलेल्या कुराणात झटक्याने उच्चारायच्या प्रत्येक अलिफावर किंवा खाली छोटे ऐनाचे डोके आहे आणि जोडून म्हणताना गळणाऱ्या अलिफावर ‘साद’ अक्षराचे छोटे डोके. सगळे स्पष्ट, शंकेला जागा नाही. भारतीय शिळाछपाईची रीत वेगळी. तिथे अलिफावर हमजा काढतच नाहीत. अलिफाला जबर, जेर, पेश या अ, इ, उच्या खुणांपैकी एखादी असेल तर तो हमजा समजायचा, स्वरहीन असेल तर त्यावर जज्म असतो, आणि उघडा अलिफ असेल तर तो नुसता लांबवायचा किंवा गाळायचा. वाव आणि येवर मात्र हमजा दिसतो. चेन्नईत घरोघरी शिकलेली जुनी माणसे याच प्रतीवर वाढली आहेत. सौदीहून आलेली कैरो वळणाची प्रत हातात आली की ती चाचपडतात, डोळ्यांना अलिफावरच्या त्या खुणा जादा वाटतात. दोन्ही रीती पूर्ण आहेत. भारतीय रीत गबाळी आहे असे अरब देशांतून शिकून आलेले कोणी म्हणते तेव्हा मला ते पटत नाही. तीही तितकीच शिस्तीची आहे, फक्त खूण वाचवून खुणेचा अर्थ स्वरचिन्हावर सोपवणारी.

उर्दूने तर हमजाला नवाच धंदा दिला. उर्दूत झटका नाही, पण दोन स्वर लागोपाठ येतात. ‘आए’, ‘गई’, ‘कोई’, ‘जाऊँ’. या दोन स्वरांच्या सांध्यावर हमजा बसवतात. अरबीत तो व्यंजन होता, इथे तो सांधा झाला. ‘किला-ए-मुअल्ला’सारख्या फारसी जोडणीत ‘किला’च्या शेवटच्या हेवरही तोच बसतो. कुठे बसवायचा यावर उर्दूच्या जाणकारांत मोठे वाद झाले. ‘गए’ला हवा पण ‘लिए’, ‘किए’ यांना नको, कारण आधी ‘इ’ असेल तर ये पुरेसा आहे, असा नियम १९७० च्या दशकात रशीद हसन खान यांच्यासारख्यांनी आग्रहाने मांडला. नियम रास्त आहे. सवय मात्र अजून ‘लिए’वर हमजा काढते.

ती सवय पाहायची तर ‘मुसलमान’ हे दैनिक पाहावे. तिरुवल्लिक्केणीतच, वालाजाह मशिदीजवळ, सय्यद अजमतुल्लाह यांनी १९२७ मध्ये ते काढले. त्या वर्षी मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन होते आणि अध्यक्ष डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या हस्ते पत्राचा आरंभ झाला. चार पानांचे हे सायंदैनिक दशकानुदशके कातिबांनी, म्हणजे सुलेखनकारांनी, हाताने लिहून, त्या पानाची निगेटिव्ह काढून छापले गेले. संगणकाचे नस्तालीक आल्यावरही त्यांनी लेखणी सोडली नाही. एका पानाला काही तास लागत. हातच्या लेखनात आधी अक्षरांची मुख्य रेघ चालते, नुक्ते आणि वरच्या खुणा मागून पडतात. खलीलने काढलेले ऐनाचे डोके मद्रासच्या बातम्यांवर रोज शेकडो वेळा पडत आले, एकदाही घशातला झटका न दाखवता.

तमिळने दिलेले उत्तर मला फार आवडते. तमिळ लिपीत शब्दाच्या मधे पूर्ण स्वराक्षर सहसा येत नाही, आधीच्या व्यंजनाला त्याचे चिन्ह लागते. तरीही तिथले मुसलमान कुराणचे नाव लिहिताना ‘र’ला पुळ्ळी देऊन, म्हणजे पाय मोडून, पुढे सबंध ‘आ’ उभा करतात : ‘कुर्‌आन’. लिपीची रीत मोडून त्या एका जागी श्वास तोडलेला आहे. ‘मुअ्‌मिन’ लिहिताना ते ‘आय्तम’ वापरतात, त्रिकोणात मांडलेले तीन ठिपके. हे चिन्ह तोलकाप्पियमइतके जुने आहे आणि आजच्या तमिळमध्ये बऱ्याच ठिकाणी ‘फ’साठी उसने दिले जाते. मशिदीच्या पाट्यांवर आणि तमिळ भाषांतरांत ते हमजाच्या जागी बसले. उलट बाजूनेही देवघेव झाली : कीळक्करै, कायलपट्टिनम इथले विद्वान शेकडो वर्षे तमिळच अरबी अक्षरांत लिहीत आले. त्या लेखनाला अरवी म्हणतात, आणि तैका शुऐब आलिम यांचा तिच्यावरचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९९३ मध्ये मद्रासलाच निघाला.

मराठीत आपण ‘कुराण’ लिहितो. तो शब्द रुळलेला आहे, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण अलीकडच्या मराठी भाषांतरांत ‘कुरआन’ असे लिहिलेले दिसते, आणि काही वाचक ते उर्दूचे अनुकरण म्हणून नाक मुरडतात. ते अनुकरण नाही. ‘र’नंतरचा तो सुटा ‘आ’ हे देवनागरीचे हमजाला दिलेले उत्तर आहे, तमिळने दिले तसेच.

मुहम्मद गौस यांच्याविषयी मात्र आपल्याकडे काहीच लिहिले गेलेले माझ्या वाचनात नाही. माहीमच्या मखदूमबाबांना कोकणच्या इतिहासात जागा आहे, चंदासाहेबाला मराठ्यांच्या इतिहासात आहे. ज्या समाजाने हे दोघे दिले त्याच समाजातल्या या माणसाने कुराणाचा शब्द न् शब्द तपासून हमजाची प्रत्येक खुर्ची लिहून ठेवली. नवायतांचा इतिहास मराठीत लिहायला घेणाऱ्यांनी दमलचेरीच्या लढाईवर थांबू नये. अर्काट आणि मद्रासपर्यंत जावे, आणि ‘नस्रुल मर्जान’चे सात खंड उघडून एक प्रकरण त्यांच्यासाठी राखावे.